ढगांसारखे हात

आमच्या अण्णांनी ३६ वर्षे शाळेत गणित शिकवले. कंपास न घेता फळ्यावर वर्तुळ काढण्याबद्दल त्यांची ख्याती होती. खडू एकदाच फिरायचा आणि वर्तुळ असे मिटायचे की सांधा शोधून सापडायचा नाही. त्याच अण्णांना २०१८ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. वर्तुळ सुरेख आले. आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीने बसले आणि काटे कुठे लावावेत हे त्यांना काही केल्या उमगेना. मी शेजारच्या खुर्चीत होते. मला ते पाहवेना, म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले.

वहिनी गेल्यापासून अण्णा सांगली सोडून ठाण्याला आमच्याकडे राहायला आले होते. एकदा वाचनालयातून परतताना ते आमच्या सोसायटीचे फाटक ओलांडून सरळ पुढे गेले आणि तासभर बसथांब्यावर उभे राहिले, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. त्याआधी वर्षभर त्यांचे तोच प्रश्न चार-चारदा विचारणे आणि त्यावर माझे वैतागणे चालूच होते. मग तपासण्या झाल्या. थायरॉइड पाहिले, बी-१२ पाहिले, डोक्याचा स्कॅन झाला. विस्मरणाच्या आजाराची ही सुरुवात होती. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. गेलेले परत आणणारे औषध नाही, पण उतार सावकाश व्हावा म्हणून करता येण्यासारखे बरेच आहे, असे त्यांनी समजावले. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायची, ऐकू नीट येते का ते पाहायचे, माणसांत ठेवायचे आणि शरीर हलते ठेवायचे.

शरीर हलते ठेवायचे, पण कसे? अण्णांचे गुडघे केव्हाच कुरकुरू लागलेले. लहानपणी शाळेत रोज घातलेले सूर्यनमस्कार आता जमण्यासारखे नव्हते. एकट्याला फिरायला सोडायची सोय उरली नव्हती. माझ्याबरोबर निघाले की मी पुढे आणि अण्णा वीस पावले मागे. दर कोपऱ्यावर थांबून मी त्यांना हाका मारायची. घरी परतेपर्यंत दोघांचेही तोंड उतरलेले.

त्याच वर्षी डिसेंबरात माझी भाची आम्हा दोघांना दोन महिन्यांसाठी सिंगापूरला घेऊन गेली. तो पायो भागातल्या उंच इमारतींपैकी एकीत ती राहते. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी पंचवीस-तीस म्हातारी माणसे जमत आणि एका टेपवरच्या संगीताबरोबर अतिशय संथपणे हात-पाय हलवत. पाण्याखाली चालल्यासारखे. ते ताई ची होते. पहिले दोन दिवस अण्णा बाकावर बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी उठले आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढची चिनी आजी ऐंशीच्या घरातली होती. तिला आमची भाषा येत नव्हती, अण्णांना तिची. ती मान वळवून बघायची, अण्णांचा हात चुकला की स्वतःचा हात जरा जास्त वेळ हवेत ठेवायची, आणि अण्णांनी गाठले की पुढे निघायची.

त्यांच्या छोट्याशा खोलीत भिंतीवर एक जुना फोटो होता. लांब झगा घातलेला, भरदार मिशांचा, चांगलाच स्थूल माणूस दोन्ही हात पसरून उभा. चेहरा एखाद्या सुखवस्तू सराफासारखा. मला वाटले, कुणी देणगीदार असावेत. भाचीने सांगितले की हे यांग छंगफू. आज जगभर म्हातारी माणसे जे ताई ची करतात, त्यातले बहुतेक यांच्या हातून आलेले आहे. तेव्हापासून या माणसाने माझ्या मनात घर केले. मिळेल तिथून मी त्यांच्याविषयी वाचत गेले.

यांग छंगफू यांचा जन्म १८८३ चा. घराणे उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतातल्या योंगनियनचे, आणि व्यवसाय कुस्ती-मुष्टियुद्धाचा. आपल्याकडे तालमीची घराणी असत तसेच हे घराणे. आजोबा यांग लूछान (१७९९-१८७२) गरिबीत वाढले. हेनान प्रांतातल्या छनज्यागौ या खेड्यात छन कुटुंबाकडे एक वेगळीच युद्धविद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ती लूछान यांनी छन छांगशिंग या गुरूंकडून मिळवली. घरगडी म्हणून राहून रात्री भिंतीच्या फटीतून बघत ती शिकली, अशी कथा चीनमध्ये घरोघर सांगतात. कथेत किती खरे आणि किती मीठमसाला, हे सोडून देऊ. पुढे लूछान राजधानी बीजिंगला गेले, मांचू सरदारांना आणि राजाच्या पहारेकऱ्यांना शिकवू लागले, आणि अजिंक्य यांग म्हणून ओळखले जाऊ लागले.

या विद्येचे मर्म असे, की समोरच्याचा जोर अडवायचा नाही. तो येऊ द्यायचा, वळवायचा आणि त्याच्याच जोराने त्याला पाडायचे. त्यासाठी अंग सैल हवे, पाय जमिनीत रुजलेले हवेत आणि लक्ष क्षणभरही हलता कामा नये. सराव संथ असला तरी त्यात मधूनच विजेसारखा वेग, उड्या, पाय आपटणे हे सारे होते. शेवटी ती मारामारीचीच विद्या होती. लूछान यांचे दोन मुलगे, बानहौ आणि जिएनहौ, हाच वारसा घेऊन वाढले. सराव इतका कठोर की घरातून पळून जावेसे वाटावे, अशा आठवणी या घराण्याबद्दल सांगितल्या जातात.

जिएनहौ यांच्या मुलांपैकी दोघांनी हा वारसा पुढे नेला. थोरले शाओहौ १८६२ चे, धाकटे छंगफू १८८३ चे. दोघांत २१ वर्षांचे अंतर, आणि स्वभावात त्याहून जास्त. शाओहौ तापट, शिकवताना खराखुरा फटका देणारे. त्यांच्या हालचाली छोट्या आणि चपळ. त्यांच्या हाताखाली फार थोडे शिष्य टिकले. छंगफू शांत, अंगाने धिप्पाड. लहानपणी त्यांना घरच्या विद्येची फारशी ओढ नव्हती, आणि १९१७ साली वडील वारल्यावरच आपण काय गमावले हे त्यांना उमगले आणि मग त्यांनी स्वतःला सरावात झोकून दिले, असे सांगतात. खरे असेल तर एका परीने ते बरेच झाले. ज्याला स्वतःला उशिरा उमगले, तो शिकणाऱ्याची चूक समजून घेतो.

काळही बदलत होता. १९०० साली बॉक्सरांचे बंड परकीय फौजांच्या बंदुकांपुढे चिरडले गेले. मुठीची विद्या गोळीपुढे चालत नाही, हे चिन्यांना रक्त सांडून कळले. १९११-१२ मध्ये राजघराणे गेले, प्रजासत्ताक आले. यांग घराण्याला पोसणारे सरदारही गेले. मग या विद्येचे करायचे काय? अनेक घराण्यांनी ती कुलपात ठेवली आणि ती कुलपातच संपली. त्याच वेळी एक नवा विचार पुढे येत होता. अफूने आणि पराभवांनी खचलेल्या देशाची प्रकृती सुधारायची, तर व्यायाम सर्वांसाठी खुला हवा. १९१२ साली शू यूशंग यांनी बीजिंगमध्ये शारीरिक शिक्षणाच्या संशोधनासाठी एक संस्था काढली. तिथे पुढे दोघे यांग बंधू आणि त्यांच्याबरोबर वू जिएनछुआन, सुन लूथांग असे नामांकित उस्ताद शिकवू लागले. आता समोर पहारेकरी नव्हते. विद्यार्थी होते, कारकून होते, पाठीला बाक आलेले पंडित होते. आपल्याकडे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट.

इथे छंगफू यांनी जे केले ते वरवर पाहता फार मोठे वाटत नाही. घराण्यात आधीपासून सुरू झालेला बदल त्यांनी पुरा केला. उड्या काढल्या. पाय आपटणे काढले. मधला विजेचा झटका काढला. हालचाली मोठ्या, मोकळ्या आणि गोलाकार केल्या, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चाल ठेवली, कोशातून रेशमाचा धागा न तुटता ओढावा तशी. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे कुणी त्यांच्या मालिकेत ८५ हालचाली धरतात, कुणी १०८. सावकाश केली तर वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

जुन्या लोकांना हे रुचले नसेल, हे ओघानेच आले. धार काढून घेतलेल्या तलवारीला कोण तलवार म्हणेल? पण छंगफू मवाळ पैलवान नव्हते. त्यांच्या हाताचा नुसता स्पर्श झाला तरी माणूस दूर फेकला जाई, अशी साक्ष त्यांच्या शिष्यांनी लिहून ठेवली आहे. ज्याला वेग येतो आणि तरीही जो सावकाशी निवडतो, त्याची सावकाशी वेगळी असते. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही बरोबर येता यावे, एवढ्यासाठी त्यांनी घराण्याच्या विद्येची गती कमी केली, असे मला वाटते. वाचून आलेले हे मत नव्हे. तो पायोच्या त्या आजीला बघून आलेले आहे.

छंगफू फारसे लिहिणारे नव्हते. त्यांचे शिकवणे कागदावर आणले ते शिष्यांनी. छन वेइमिंग हे त्यांतले विद्वान. त्यांनी १९२५ साली शांघायमध्ये ताई चीची संस्था काढली. गुरूंनी तोंडी सांगितलेली दहा सूत्रेही त्यांनीच उतरवून घेतली. डोके वरून दोरीने टांगल्यासारखे हलके ठेवा, कंबर सैल सोडा, कोणता पाय भरलेला आणि कोणता रिकामा हे ओळखा, बळाऐवजी मन वापरा, हालचाल तुटू देऊ नका, हालताना आत शांत राहा, अशा अर्थाची ती सूत्रे आहेत. पुढे १९३१ आणि १९३४ साली छंगफू यांच्या नावाने दोन पुस्तके निघाली. त्यांतल्या छायाचित्रांमुळेच तो स्थूल, झगा घातलेला माणूस आज जगभरच्या भिंतींवर आहे.

१९२८ साली राजधानी बीजिंगहून नानजिंगला हलली. आश्रयदाते दक्षिणेला गेले, त्यांच्यामागे उस्तादही गेले. छंगफू यांनी नानजिंग, शांघाय, हांगझौ आणि पुढे ग्वांगझौ इथे शिकवले. नवी शहरे, परकी हवा, ओळख नसलेल्या बोली. याच काळात, १९३० साली, थोरले बंधू शाओहौ नानजिंगला वारले. त्यांची चपळ चाल फार थोड्यांकडे उरली. धाकट्या भावाची संथ चाल मात्र हजारोंच्या अंगात उतरत होती.

आणि आता या कहाणीतली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट. म्हाताऱ्यांच्या व्यायामाचा हा महापुरुष स्वतः म्हातारा झालाच नाही. शरीर फार सुटले होते, प्रकृती ढासळली होती. १९३६ साली शांघायमध्ये यांग छंगफू वारले, तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते. आयुष्य वाढवणारी म्हणून जी विद्या विकली जाते, तिच्या आचार्यांचे हे वय. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला होता. कुणीतरी फसवल्यासारखे वाटले. मग लक्षात आले, की त्यांनी अमरपट्टा देतो असे कुठे म्हटले होते? त्यांनी एक चाल दिली, बस्स. त्यांचा मुलगा जेनदुओ वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने ती चाल पुढे नेली, देशोदेशी शिकवली, आणि २०२० साली वयाच्या ९४ व्या वर्षी तो गेला. एकाच घरातली ही दोन आयुष्ये. व्यायामाच्या नावाने दोन्ही टोकांचे दावे करणाऱ्यांनी ती शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

छंगफू यांच्यामागून २० वर्षांनी, १९५६ साली, चीनच्या क्रीडा खात्याने त्यांच्याच मालिकेतून २४ हालचालींची एक सोपी मालिका बेतली. पाच-सहा मिनिटांत होणारी. तो पायोला चालायची ती हीच. २०२० साली युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

पण माझ्यासारखीला वारशाशी काय कर्तव्य? मला हवे होते ते अण्णांसाठी. याचा मेंदूला खरोखर काही उपयोग आहे का, की नुसतीच समजूत?

तर संशोधन झाले आहे. ज्या शांघायमध्ये छंगफू यांनी शेवटचा श्वास घेतला, तिथेच १२० निरोगी वृद्धांचे चार गट पाडून ४० आठवडे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एक गट ताई ची करी, दुसरा चाले, तिसरा जमून गप्पा मारी, चौथा नेहमीसारखा राही. अखेरीस मेंदूचे स्कॅन पाहिले, तर ताई चीवाल्यांच्या मेंदूचे आकारमान किंचित वाढलेले होते. वयाबरोबर ते घटते, हे लक्षात घ्या. स्मरणाच्या काही चाचण्यांतही ते पुढे होते. आणि गंमत म्हणजे गप्पा मारणाऱ्यांचेही आकारमान वाढले होते! घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण या आकड्यापाशी व्हायला हवी. हाँगकाँगमध्ये, सौम्य विस्मरण सुरू झालेल्या ३८९ वृद्धांत, वर्षभर २४ हालचालींचे ताई ची करणाऱ्यांपैकी पूर्ण स्मृतिभ्रंशाकडे गेलेल्यांचे प्रमाण नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. मात्र ताई चीच्या गटातून मधेच सोडून गेलेलेही बरेच होते, तेव्हा हे तोलूनच घ्यायचे. २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात विस्मरणाच्या तक्रारी असलेले ३१८ वृद्ध होते. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, तेही घरी बसून संगणकाच्या पडद्यावर बघून. नुसते ताणण्यापेक्षा ताई चीचा गुण अधिक आला. हालचाल करता करता मेंदूला कोडी घातली, शब्द उच्चारायला लावले, तेव्हा तो सर्वांत जास्त आला.

असे का व्हावे? क्रम लक्षात ठेवावा लागतो. डावा हात एकीकडे, उजवा दुसरीकडे, वजन तिसरीकडे. लक्ष सुटले की तोल सुटतो. श्वास खोल होतो, रक्ताभिसरण सुधारते, पडण्याची भीती कमी होते, आणि चार माणसे भेटतात. छंगफू यांना मेंदूचे स्कॅन ठाऊक नव्हते. पण बळाऐवजी मन वापरा, हे त्यांनी शिकवले होते. जोराने केलेली हालचाल शरीर आपोआप उरकते. सावकाश केलेली हालचाल उरकता येत नाही, तिच्याबरोबर मनाला राहावेच लागते.

हा आजार थांबवणारा उपाय नव्हे, हे मी स्पष्ट लिहिते. आधी डॉक्टर, मग हे. गुडघे अधू असतील तर कमी वाका, शेजारी खुर्ची ठेवा, चक्कर येत असेल तर धरायला माणूस ठेवा.

आम्ही परत आलो ते त्या २४ हालचाली घेऊनच. पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आली. वाचनालय, बाग सारे बंद. गच्चीवर सकाळी अण्णा आणि मी. मी खरे तर सोबतीपुरती उभी राहायची. पहिल्या आठवड्यातच कळले की मला हे त्यांच्यापेक्षा कठीण जाते आहे. डोक्यात कुकरच्या शिट्ट्या, दूधवाल्याचा हिशेब. हात पुढे पळत. आयुष्यभर मी घाईने पोळ्या लाटल्या, घाईने लोकल पकडली, घाईने भावाला हाका मारल्या. आता मागच्या रांगेत मी होते. अण्णा पुढे, संथ, डोके वरून टांगल्यासारखे ताठ. रानघोड्याची आयाळ विंचरायची, पांढऱ्या बगळ्याने पंख पसरायचे, वीणा धरायची. या नावांचे मराठी आम्हीच केले. वाट अडवणारी गाडी मागे घ्यावी तसा मी माझा वेग मागे घेतला, आणि त्यानंतर आमची फिरायला जातानाची भांडणेही हळूहळू संपली.

अण्णांचे विस्मरण थांबलेले नाही. आज ते ८० वर्षांचे आहेत. माझ्या मुलीचे नाव त्यांना कधी आठवते, कधी नाही. वहिनी गेल्या हे मधूनच नव्याने कळते, तो दिवस वाईट जातो. पण जिना ते स्वतः चढतात, पडलेले नाहीत, आणि डॉक्टरांच्या मते त्यांचा उतार अपेक्षेपेक्षा सावकाश आहे. त्यात ताई चीचा वाटा किती, औषधांचा किती, नशिबाचा किती, हे कोण सांगणार?

गेल्या महिन्यात ते अर्ध्यात अडकले. चाबकाचा पवित्रा झाला, त्यानंतर हात ढगांसारखे डावी-उजवीकडे वाहू द्यायचे असतात, ते आठवेना. उभेच राहिले. पूर्वीची मी असते तर लगेच सांगितले असते. मी माझा हात हवेत तसाच ठेवला, तो पायोच्या आजीसारखा, आणि वाट पाहिली. खालून भाजीवाल्याची हाक आली, गेली. अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे. काही वेळाने त्यांचा डावा हात आपणहून वर आला आणि चेहऱ्यासमोरून हळूहळू सरकू लागला.